वहिनीचा दुसरा ब्रेक

माझी वहिनी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायची. शिकणारा स्टिअरिंगवर, ती शेजारच्या सीटवर, आणि तिच्या पायाशी आणखी एक ब्रेक. "हा ब्रेक शोभेचा," ती सांगायची. "मीच दाबत बसले तर समोरचा शिकणार कधी?"

एका दुपारी एका नर्सबाईंनी गाडी पेट्रोलपंपाच्या भिंतीवर नेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ऐन वेळी वहिनीचा पाय उचललाच गेला नव्हता, आणि ते तिच्या मनाने घेतलं. त्यानंतर तिचा पाय ब्रेकवरून हलेना. कुणी गिअर बदलला की दाब, लांब मांजर दिसलं की दाब. शिकणारे रडकुंडीला आले. मालक म्हणाले, "बाई, महिनाअखेरीपर्यंत बघू. नाही जमलं तर ऑफिसात बसून फोन घ्या."

"बरंच की," दादा म्हणाला. "पंख्याखाली बसशील."

"पंख्याखाली तुम्ही बसा. मला कपाटात ठेवू नका."

चर्चच्या मागे ध्यानगृह होतं. तिथे एक म्हातारे फादर लोकांना प्रार्थनेत मार्गदर्शन करायचे. वहिनी त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला शुभवर्तमानातला वादळाचा प्रसंग दिला. पेत्र आणि बाकीचे शिष्य होडीत, लाटा आत येताहेत, आणि प्रभू येशू झोपलेले. "डोळे मिटून त्या होडीत बसा," फादर म्हणाले. "काय दिसतं, काय करावंसं वाटतं, ते मला येऊन सांगा."

तिने आठवडाभर प्रार्थना केली, जाऊन सांगितलं, आणि परतली ती तोंड पाडून. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो.

"भावजी, मी नापास झाले."

"कशात?"

"प्रार्थनेत. म्हणाले, पुन्हा त्याच होडीत जा. आमच्या स्कूलमध्ये पुन्हा टेस्टला कुणाला पाठवतात, माहीत आहे ना? तुमच्या दादांना सांगू नका, चेष्टा करून जीव खातील."

ती पुन्हा बसली खरी, पण धुसफुसत. पुढच्या भेटीत तिने फादरांना सरळच विचारलं, "माझं चुकलं कुठे ते एकदाच सांगून टाका."

फादर हसता हसता खोकायला लागले. हे सगळं घरी आल्यावर तिनेच आम्हाला साभिनय सांगितलं. "अहो, पास-नापास माझ्याकडे नसतं. मन जिथे अडकलं तिथेच मी परत पाठवतो. होडीत तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पेत्राला वल्हं धड धरता येईना. त्याला बाजूला केलं नि मीच घेतलं."

"आणि प्रभू?"

"झोपले होते. म्हटलं झोपू दे, दमले असतील."

"उठवलं नाहीत?"

"मी असताना त्यांना कशाला उठवायचं?"

बोलून गेली आणि स्वतःचंच वाक्य ऐकून चपापली. निघताना फादर एवढंच म्हणाले, "वल्हं मारायचं तर मारा. अधूनमधून त्यांच्याकडेही बघा."

त्या संध्याकाळी ती आतल्या खोलीत बसली. दादाने न सांगता टीव्ही बंद केला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पेलाभर पाणी प्यायली.

"उठवलंस?" मी विचारलं.

"उठवलं. समोर एकदम ती पंपाची भिंत आली, भावजी. भर पाण्यात! आणि मी ओरडले, वाचवा. त्या दिवशी मी कुणालाच हाक मारली नव्हती. नुसतं वाटलं होतं, सगळं माझ्याच पायावर आहे."

"मग?"

"रागावले नाहीत. शेजारी येऊन बसले. वल्हं पेत्राकडे होतं. मी मागितलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने त्या नर्सबाईंना फोन केला. भिंतीच्या प्रकारानंतर त्यांनी गाडीचं नावच टाकलं होतं. "या हो," वहिनी म्हणाली. "आपण दोघी एकाच भिंतीवर आपटलोय."

महिनाअखेरीला नर्सबाई स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, मागे मालक. मलाही तिने मागे बसवलं. "धीराला बसा, पण तोंड उघडू नका." हॉस्पिटलच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागच्या ट्रकने हॉर्न लावून धरला. मालकांनी माझाच गुडघा घट्ट धरला. मी वहिनीच्या पायाकडे बघितलं. तो ब्रेकशेजारी होता, पण रबरी चटईवर, सपाट.

"हॅन्डब्रेक ओढा," ती म्हणाली. "शाब्बास. ट्रकवाल्याला घाई असेल, आपल्याला नाही. आता सुरू करा. क्लच हळू सोडा. आवाज जड झाला? सोडा हॅन्डब्रेक."

गाडी चढ चढली. वर पोहोचल्यावर नर्सबाई आधी हसल्या, मग रडल्या.

"सोमवारपासून नेहमीसारखं शिकवा, बाई," मालक म्हणाले.

"आधी भावजींचा गुडघा सोडा," वहिनी म्हणाली.

ती पुढेही फादरांकडे जात राहिली. चढाची हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "आणि प्रभू कुठे होते?"

"मागे," वहिनी म्हणाली, "मालकांच्या नि भावजींच्या मध्ये. जागेची जरा अडचणच झाली असेल."