चार आठवड्यांची बिअर

जयप्रकाश सोमण आणीबाणीच्या वर्षी पुण्यात जन्मला, म्हणून त्याचं नाव जयप्रकाश. नावातली बंडखोरी मात्र त्याच्या अंगात कधी उतरली नाही. नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. तेच घर, विमानतळाजवळच्या मालवाहू कंपनीतलं तेच टेबल, डब्यात तीच पोळी-भाजी. "ह्याला नवीन चपला आणायला पाठवलं तर जुन्यांसारख्याच घेऊन येतो," असं त्याची बायको मृदुला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यामुळे पन्नाशीत आल्यावर "मी घरी बिअर करणार आहे" असं तो म्हणाला, तेव्हा ती आधी हसली.

निमित्त झालं शेजारच्या खेरिटचं. खेरिट शहात्तर वर्षांचे, विमानतळाच्या मालगोदामातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच राहत. इथल्या रिवाजाप्रमाणे जयप्रकाश त्यांना नुसतं 'खेरिट' म्हणायचा, पण मनातल्या मनात दरवेळी 'अहो' जोडायचा. तीस वर्षं ते गॅरेजमध्ये बिअर करत आले होते.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी जयप्रकाशला गॅरेजमध्ये बोलावलं. आत पाऊल टाकताच त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. फडताळं रिकामी होती. गाडीही नव्हती, विकली म्हणाले. मधोमध मोठं पातेलं, झाकणाची बादली, थर्मामीटर आणि बाटल्यांचे क्रेट मांडून ठेवले होते, आणि वर चिठ्ठी: जयप्रकाश.

"हे सगळं तुला. घेऊन जा."

"आणि तुम्ही कशात करणार?"

"माझ्या हातांना आता बाटलीचं झाकण बसवता येत नाही."

ते खरंच होतं. उन्हाळ्यापासून त्यांचे हात लुळे पडत चालले होते, आणि जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसं बोलणं जड झालं होतं. जयप्रकाशने वयाला दोष दिला आणि पातेलं उचललं.

पहिली बिअर कोणती करायची, हा प्रश्न त्याने ऑफिसातल्या कामासारखाच हाताळला. तक्ता केला. एका रकान्यात चव, दुसऱ्यात किती अवघड, शेवटच्यात लागणारा वेळ. त्याचा जीव अडकला होता ट्रिपेलमध्ये. सोनेरी, कडक, ख्रिस्ती मठातल्या भिक्षूंच्या पद्धतीची. त्याखालोखाल शरद ऋतूतली काळसर बोक, मग लागर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो कागद घेऊन तो खेरिटकडे कॉफीला गेला.

खेरिटनी चव पाहिली नाही, अवघडपणाही पाहिला नाही. बोट सरळ शेवटच्या रकान्यावर ठेवलं.

"ट्रिपेल, तीन महिने. नको. लागर, दोन महिने थंडीत ठेवावी लागते. नको. बोकही नको." मग म्हणाले, "गव्हाची कर. धने आणि संत्र्याची साल घालून. चार आठवडे. ह्याच रविवारी लाव."

"पण गव्हाची मला फारशी आवडत नाही. आणि घाई कसली आहे?"

खेरिट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. जयप्रकाशनेही तिकडे पाहिलं. ऑक्टोबर नुकता लागला होता, पण पान नोव्हेंबरचं उघडलेलं होतं. चुकून उलटलं असेल, असं त्याला वाटलं. तरी घरी आल्यावरही ते पान डोळ्यांसमोरून हललं नाही.

रविवारी, बारा तारखेला, खेरिट सोमणांच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले आणि जयप्रकाश राबला. भांडं न् भांडं त्याने उकळत्या पाण्याने दोनदा धुतलं. मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, माल्टचा काढा उकळला, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं पडली, मृदुलाच्या डब्यातले धने खलबत्त्यात भरड कुटून घातले. "एवढं धुतोस कशाला, बाळंतिणीची खोली आहे का?" मृदुला म्हणाली. खेरिटना अर्थ सांगितला तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला, आणि तो ठसका थांबेचना. चेहरा निळसर झाला. मृदुलाने पाठ चोळली. श्वास परत आला तेव्हा जयप्रकाशने काढ्याखालचा गॅस बंद केला. काढा निवल्यावर यीस्ट घालून जयप्रकाशने झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे सुटू लागले.

गुरुवारी तो घरून काम करत होता. खिडकीतून खेरिटच्या दारात त्या भागातल्या डॉक्टरीणबाईंची गाडी दिसली. आठवड्यातली तिसरी खेप. अकरा वर्षांत, एकशेतीन ताप असतानाही ह्या बाई त्याच्या घरी आल्या नव्हत्या. गोळ्या घ्या, पाणी प्या, एवढंच फोनवर. आज त्यांच्याबरोबर एक अनोळखी गृहस्थही होते. ते दोघं तासभर आत होते. बाहेर पडताना त्यांनी खेरिटचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

संध्याकाळी खेरिटची मुलगी आन्नेके कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होती. जयप्रकाश चपला घालून खाली गेला.

"खेरिट बरे आहेत ना?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही? तेरा नोव्हेंबर. गुरुवारी सकाळी अकरा वाजता."

"हॉस्पिटलमध्ये?"

"नाही. घरीच. डॉक्टर येतील."

त्याला कळायला दोन क्षण लागले. मग ती हळूहळू सांगत गेली. एकेक स्नायू बंद पाडत जाणारा आजार होता. हात झाले, आता घशाची पाळी होती, पुढे श्वासाची. त्याआधी, स्वतःच्या शुद्धीत, स्वतःच्या खुर्चीत जायचं बाबांनी ठरवलं होतं. इथल्या कायद्यात इच्छामरणाला लागणारा दुसऱ्या डॉक्टरचा होकारही आज मिळाला होता.

घरी येऊन जयप्रकाशने बोटांवर दिवस मोजले. रविवारपासून चार आठवडे आणि वर चार दिवस.  बादलीतून बुडबुड्यांचा डुबुक-डुबुक आवाज येत होता, आणि तो आवाज त्याला ऐकवेना.

त्याने बादली उचलली आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गार फरशीवर नेऊन ठेवली. थंडीत यीस्ट झोपतं, हे त्याने वाचलं होतं. बिअर झाली नाही तर खेरिट थांबतील, अशी काहीतरी वेडी समजूत त्याच्या मनाने करून घेतली होती. मृदुलाला त्याने सांगितलं, घरात वास येतो म्हणून ठेवली.

दहा दिवस खेरिट विचारत राहिले आणि तो सांगत राहिला, "अजून नाही झाली." सव्वीस तारखेला ते वॉकर घेऊन स्वतःच आले. शेडचा उंबरठा ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. जयप्रकाश मागे उभा राहिला. हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. खेरिटनी बादलीला तळवा लावला.

"गार आहे," ते म्हणाले.

"थंडी पडलीय."

"घरात हीटर आहे, जयप्रकाश."

त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्ही वाट बघाल."

"वाट बघितली तर गिळता येणार नाही. मग ती ट्रिपेल असो नाहीतर पाणी." एकेक शब्द ते ओढून काढत होते. "तारीख बदलणार नाही. बादली आत घे."

त्याने बादली आत घेतली. ह्या खेपेला मृदुलाला सगळं सांगितलं.  उठून बादलीभोवती तिने स्वतःची जुनी शाल गुंडाळली.

यीस्ट जागं झालं, पण गेलेले दिवस काही भरून आले नाहीत. बाटल्या भरायलाच सहा नोव्हेंबर उजाडला. बुधवारी, बारा तारखेला दुपारी, तो एक बाटली घेऊन गेला. बिअर गढूळ होती आणि फेस धरत नव्हता. खेरिटनी चमच्याने चार घोट घेतले. प्रत्येक घोटाला जयप्रकाशचा जीव टांगणीला लागत होता.

"कशी आहे?"

"कच्ची," खेरिट म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "धने चांगले लागतात."

"माझ्यामुळे कच्ची राहिली."

"हो," ते म्हणाले, आणि पाचव्या घोटासाठी तोंड उघडलं.

गुरुवारी त्याने रजा टाकली, पण करायला काहीच नव्हतं. पावणेअकराला डॉक्टरीणबाईंची गाडी आली. त्या एकट्याच होत्या. आन्नेकेने पुढचे पडदे ओढले. मृदुलाने देवापाशी दिवा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. भिंत सामाईक होती, तरी पलीकडून काही ऐकू आलं नाही.

साडेबाराला दारावरची बेल वाजली. आन्नेके होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र स्थिर.

"झालं," ती म्हणाली. "तुमची गाडी जरा हलवता का? बाबांना न्यायला येतील, त्यांना दारासमोर जागा लागेल."

"हो, हो," म्हणत जयप्रकाशने खुंटीवरची किल्ली घेतली. अनवाणीच बाहेर आला. गाडी रस्त्याच्या टोकाला नेऊन लावली आणि इंजिन बंद करून आतच बसून राहिला. आरशात रस्ता दिसत होता. थोड्या वेळाने एक लांब काळी गाडी सावकाश वळली आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत येऊन थांबली.