चंदनाची पावडर आणि डिझेलची नळी

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आले. भूत-बित काही नसतं, यावर मैत्रिणींशी हिरीरीने भांडलेय. आणि आज मीच लिहायला बसलेय… हसा खुशाल.

आम्ही बहारीनला राहतो, जनाबियात. जुना व्हिला, आणि त्यात चक्क घर तापवायची डिझेलची भट्टी! घरमालकाची हौस. वाळवंटात ती कशाला, असं सगळे विचारतात. पण जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की इथली फरशी पायाला चावते.

आमचे हे मेकॅनिकल इंजिनिअर. टाकीपासून भट्टीपर्यंतची तांब्याची नळी स्वतः जोडायचे. मग प्रत्येक नटावर चंदनाची टाल्कम पावडर भुरभुरायचे. तेल झिरपलं तर पांढऱ्यावर लगेच डाग दिसतो, म्हणून. "न्हाऊमाखू घालून झालं असेल तर तीटही लावा!" मी चिडवायचे. सगळं ठीक निघालं की बोटाला उरलेली पावडर आमच्या छोट्या नीरजच्या नाकाला लावून म्हणायचे, "टेस्ट पास!" फार आठवतात ते दिवस…

हे जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात नातीची सर्दी हटेना, म्हणून बंद भट्टी सुरू करायचं ठरलं. तिचा पाळणा भट्टीच्या खोलीच्या भिंतीलाच लागून. यांच्या हाताखाली काम केलेले रत्नागिरीचे अन्वरभाई आले, नवी नळी जोडून दिली.

"खलास, वहिनी! नीरज ऑफिसातनं आला की पेटवा, इंशाल्ला."

खोलीला कुलूप घालून किल्ली मी कमरेला खोचली.

दुपारी सून आणि नात झोपल्या होत्या. कपडे वाळत घालायला मागे गेले, तर त्या बंद दाराशी चंदनाचा वास! कुलूप उघडलं. बर्नरजवळच्या नटावर पांढरी पावडर… आणि खालच्या कडेला ओला, काळपट डाग.

आमच्या घरात पावडर नाही हो. बाळाला लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. यांचा शेवटचा डबा मीच टाकून दिला होता, तो वास सोसेना म्हणून.

फोन केल्यावर अन्वरभाई धावत आले. नट उघडला, तर नळीच्या तोंडाला बारीक चीर.

"पेटवली असती तं तेल थेट आगीवर…" त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, पावडर कोणी लावली?"

"तुम्ही नाही?"

"नाय ओ. ती साहेबांची सवय."

त्यांनी चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा जोडली. बराच वेळ आम्ही दोघं त्या नटाकडे बघत बसलो. कोरडा ठणठणीत.

इतक्यात आतून सुनेची हाक आली, "आई, हिच्या नाकाला काय लागलंय बघा ना?"

पाळण्यात नात गाढ झोपली होती. नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका… चंदनाचा वास. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

नीरजने पुष्कळ डोकं लढवलं, मीही लढवलं. संध्याकाळी भट्टी पेटवली, घर उबदार झालं. नातीचं नाक मात्र मी कुणाला पुसू दिलं नाही.