बाबांच्या पानावरच्या जाहिराती

आमच्याकडे माणसाला त्याचा मोठा आजार सांगत नाहीत. आजीला शेवटपर्यंत 'पोटात वात धरलाय' एवढंच सांगितलं होतं, आणि ती गेल्यावर तिला कळू दिलं नाही म्हणून सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली होती. त्यामुळे ठाण्याच्या डॉक्टरांनी मला आणि आईला आत बोलावून बाबांच्या स्वादुपिंडाला कॅन्सर असल्याचं सांगितलं, तेव्हा काय करायचं ते आम्हाला ठरवावंही लागलं नाही. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाबांना आई म्हणाली, "सूज आहे. गोळ्यांनी उतरेल." फाइलीवर हॉस्पिटलचं नाव होतं आणि त्यात तो शब्द होता. डोंबिवलीला घरी आल्यावर मी फाइलीला शाळेच्या वहीसारखं तपकिरी कव्हर घातलं. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुकसुद्धा वाटलं.

आणि त्याच दुपारी घरातल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर बसून मी 'स्वादुपिंडाचा कॅन्सर, किती दिवस' असं शोधलं. आठवडाभर शोधत राहिले. बाबा कोर्टातले निवृत्त कारकून. रोज सकाळी याच लॅपटॉपवर पेपर वाचायचे, तोही जाहीर नोटिशींसकट. एवढी शिकलेली मी, पण अक्कल गहाण ठेवली होती.

पंधरा दिवसांनी सहज त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पाणीकपातीच्या बातमीच्या दोन्ही बाजूंना केमोची सेंटर, केसांचे टोप आणि 'शेवटच्या टप्प्यातही आशा सोडू नका'. बाबा शांतपणे बातमी वाचत होते.

ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, आपण काय शोधतो त्याचा जाहिरातवाले माग ठेवतात, कुकीज म्हणतात त्या खुणांना. आधीच्या कुकीज उडव, बाहेरच्या साइटींच्या ब्लॉक कर, अ‍ॅडब्लॉकर टाक. झालं." बाबा आंघोळीला गेल्यावर मी ते सगळं केलं. पान धुतल्यासारखं स्वच्छ झालं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

चौथ्या दिवशी आई विहारात गेली होती. बाबांनी मला हाक मारली.

"अगं, त्या जाहिराती दिसत नाहीत आता."

"कुठल्या?" माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"त्याच गं." त्यांनी कपाटावरच्या तपकिरी फाइलीकडे पाहिलं. "आईला बोलू नकोस. मला ठाऊक नाही असं समजून ती निदान झोपते तरी. पण त्यात एक होती, घरी येऊन दुखणं कमी करतात म्हणून. नंबर उतरवून घ्यायचा राहिला."

"खूप दुखतं का, बाबा?"

"रोज."

आम्ही सूज म्हणत होतो, म्हणून ते सुजेपुरतंच कण्हत होते. मला माझी, आईची, आमच्या सगळ्या खानदानाची लाज वाटली.

मी ब्लॉक केलेलं सगळं पुन्हा सुरू केलं. पण पुसलं ते पुसलं. पानावर आल्या साड्या, कुकर आणि खडवलीकडचे प्लॉट. आम्ही कोण, आमच्या घरात काय चाललंय, हे आता तिथे कोणालाच माहीत नव्हतं. बाबा वाट बघत होते. शेवटी शोधायच्या चौकटीत मी तो शब्द त्यांच्यादेखत टाइप केला. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.