पाणबुडी : वाक्यात उपयोग करा

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगितली म्हणून तुम्हाला कधी भर वर्गात हसलेत?

मला हसलेत. मुलुंडची शाळा, सहावीचा वर्ग. मराठीच्या बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, पाणबुडी. वाक्यात उपयोग करा. माझा हात सगळ्यांच्या आधी वर.

"आमच्या गावच्या तळ्यात पाणबुडी पिल्लांना पाठीवर घेऊन पोहते."

आधी मागचा बाक हसला. मग वर्ग. मग बाई.

"पिल्लं? अंडी घालते का गं पाणबुडी?"

घालते. पक्षीच आहे ती. तळ्याकाठच्या गवतात घालते. पण हे सांगेपर्यंत बाई पुढे गेल्या होत्या.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या केतकीकडे पाहिलं. केतकी उठली. "नौदलाची पाणबुडी समुद्राखालून जाते. सबमरीन, बाई. बाबांनी मला आत नेऊन दाखवलीय."

"शाबास." बाईंनी फळ्यावर इंग्रजी स्पेलिंग लिहिलं. मग मला म्हणाल्या, "वाच."

शेवट मला 'लाईन'सारखा दिसला. "सबमराईन."

"तुझी गाडी मराईन लाईन्सला थांबते वाटतं," केतकी म्हणाली. पुन्हा हशा. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव पडलं होतं. ए पाणबुडी, पिल्लं कुठायत?

शाळा सुटताना बाई म्हणाल्या, "उद्या बरोबर वाक्य म्हण. मग पहिल्या बाकावर बस, केतकीशेजारी."

राग यायला हवा होता. मला हेवा वाटला. तिच्या वासाच्या खोडरबराचा, लोहचुंबकाच्या कंपासपेटीचा. बोट धरून बोटीच्या पोटात नेणाऱ्या बापाचा. माझा बाप गिरणी बंद पडल्यापासून दारात बसून असायचा. सगळ्यात जास्त हेवा तिच्या जिभेचा. तो शब्द तिच्या तोंडून कसा सहज निघाला. मला ती जीभ हवी होती. तो बाक हवा होता.

कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत मी घोकत बसले. मरीन, मरीन, सबमरीन.

आई भाकऱ्या थापत होती. "मरीन मरीन काय करतंस गो? तिनसांजेक असा बोलू नये."

"इंग्रजी शब्द आहे. पाणबुडीला म्हणतात."

"आपल्या तळ्यातल्या?"

"नाही. लढाईच्या बोटीला."

"मगे तळ्यातल्येक काय म्हणूचा?"

माझं घोकणं थांबलं. त्या तळ्यावर आई कपडे धुवायची आणि मी बसून बघायचे. पाणबुडी पिल्लांसकट बुडायची, भलतीकडेच वर यायची. उद्या मी बरोबर वाक्य म्हटलं की ती चूक ठरणार होती. माझ्याच तोंडून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला उभं केलं. केतकीने शेजारची जागा पुसली. खरंच पुसली, रुमालाने. "बोल ना, पाणबुडी."

सबमरीन जिभेवर तयार होतं. अगदी तिच्यासारखं. तो बाक मला त्या क्षणीही हवा होता.

मी म्हटलं, "आमच्या गावच्या तळ्यात पाणबुडी पिल्लांना पाठीवर घेऊन पोहते."

कोणी हसलं नाही.

"चुकलं म्हण," बाई म्हणाल्या.

"नाही चुकलं. बोट पण पाणबुडी, ती पण पाणबुडी."

"बाहेर उभी राहा."

राहिले. वर्षअखेरीपर्यंत माझा बाक मागचाच राहिला आणि नावही तेच. केतकीचा हेवा आजही वाटतो, लपवत नाही. पण तिच्या शेजारच्या जागेसाठी माझा एकही शब्द मी चूक म्हणणार नाही. तेव्हा म्हटलं नाही, आताही नाही.

तुम्ही शिकवत असाल, किंवा तुमचं पोर शाळेत जात असेल, तर एवढं करा. एखाद्या मुलाच्या वाक्याला वर्ग हसला, तर त्यावर फुली मारण्याआधी त्याला विचारा, "तू हे कुठं पाहिलंस?" आणि त्याचं सांगून होईपर्यंत बाकीच्यांना गप्प बसवा.