गौराने आधी घेतलेला घोट

प्रतिक्षाने पिशवीतून पहिली बाटली काढली तेव्हा गौरा कोंबडीच्या रश्शाला फोडणी देत होती. काचेवर काच वाजल्याचा आवाज तिला पाठमोरी असतानाच ओळखू आला. वळून पाहिलं तर टेबलावर पाच बाटल्या उभ्या होत्या आणि लेक हसत होती.

"बाबांच्या पन्नाशीला आमच्याकडची वाइन! पांढरी, गुलाबी, लाल, सगळ्या थोड्या थोड्या चाखायच्या. नुसत्या चाखायच्या, आई. घाबरू नकोस."

गौराच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

प्रतिक्षा नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यावर कामाला लागली होती. तिथे आलेल्या पाहुण्यांचं ती बघते, एवढंच गौराला ठाऊक होतं. त्या पाहुण्यांना ती काय ओतून देते, ते आज कळलं.

गौरा जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. अंगणात साप निघाला तर काठीवर उचलून लांब टाकून येणारी बाई. पण दारूचा वास आला की तिचे हातपाय गार पडायचे. त्याला कारण तिचा धाकटा भाऊ जिवा.

त्यांचं माहेर सूर्यमाळच्या बाजूचा एक पाडा. जिवाला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या पाड्यावर लग्न होतं आणि कुणीतरी बाहेरून दारूचा कॅन आणला होता. सगळे प्यायले, जिवाही प्यायला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून तो म्हणाला, "बाय, आज धुकं लय पडलंय का गं?"

वैशाखाचं ऊन कडकडीत पडलं होतं. भाऊ चेष्टा करतोय असं वाटून गौरा हसली होती. संध्याकाळपर्यंत त्या विषारी दारूने लग्नातली दोन माणसं गेली. जिवा वाचला, पण त्याचे डोळे गेले ते गेलेच.

हरेशचं स्थळ आलं तेव्हा गौराने त्याला तोंडावर सांगितलं, "भाऊ माझ्यासोबत येईल. आणि घरात दारूचा थेंब येणार नाय." जव्हार–खोडाळा जीप चालवणाऱ्या हरेशने दोन्ही गोष्टी आजवर पाळल्या. 'पिऊन आंधळा झाला' हे लोकांचं बोलणं गौराला सहन व्हायचं नाही, म्हणून प्रतिक्षाला तिने सांगितलं, मामाचे डोळे तापात गेले. जिवाही तेच सांगत आला.

आता हरेशने बायकोकडे पाहिलं. घेऊ का, असं त्याचे डोळे विचारत होते. इतक्या लांबून हौसेने आलेल्या लेकीपुढे गौराला नाही म्हणवेना. ती खाली बघत राहिली. हरेशला वाटलं, परवानगी मिळाली.

प्रतिक्षाने काचेचे ग्लास ट्रेमध्ये मांडले. हरेशची बहीण सोमी पदर खोचून पुढे बसली. जिवा खिडकीजवळच्या खुर्चीत होता.

"बाबा, डोळे मिटा. आधी नुसता वास घ्यायचा."

हरेशने डोळे मिटले आणि हवेत हात फिरवून ग्लास शोधू लागला. गौराने ओटा घट्ट धरला. असेच हात चाचपडताना तिने आयुष्यभर पाहिले होते.

पांढरी झाली, गुलाबी झाली. "औषधासारखी लागते," म्हणत सोमीने तोंड वाकडं केलं, तरी ग्लास पुढे केलाच. गौराचं लक्ष फक्त नवऱ्याच्या डोळ्यांवर होतं. त्याने डोळा चोळला की ही एक पाऊल पुढे सरके. सोमी म्हणाली, "डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय गं." गौरा तिच्या डोळ्यांकडे बघू लागली.

बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली, म्हणून हरेश जीपच्या काचा वर करायला गेला. तिथूनच त्याची हाक आली.

"गौरा! अगं, काहीच दिसत नाही गं!"

ती धावली. जाताना हाताचा धक्का लागून ट्रे उलटला, काचा फुटल्या, तिला कळलंही नाही. अनवाणी अंगणात गेली तर हरेश जीपला टेकून मजेत उभा होता. दरीतून धुकं वर आलं होतं आणि त्यात समोरचं फाटकही बुडालं होतं. गौराने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"माझ्याकडे बघ. मी दिसते का? सांग ना, दिसते का?"

"दिसतेस की. अगं, काय झालं?"

 ती ओल्या पायरीवर बसली.

हरेशने तिला धरून आत आणलं. प्रतिक्षा काचांमध्ये उभी होती. "तुला माझं काम आवडत नसेल तर सरळ सांग ना, आई. असं का करतेस?"

 बोलला तो जिवा.

"ताप नव्हता, पोरी." आणि त्याने सगळं सांगितलं. लग्न, कॅन, मेलेली दोन माणसं.  प्रतिक्षा मामाच्या पायाशी बसून रडू लागली. "मला कळलं असतं तर मी आणल्याच नसत्या रे मामा."

"आणल्यास ते बरं केलंस. एक लाल दे मला."

"नाय!" गौरा ओरडली.

"बाय, इतकी वर्षं तू भितेस आणि मी गप बसतो. आज बघू दे मला."

 गौराने लेकीला नवी बाटली उघडायला लावली. सील पाहिलं, बूच निघताना पाहिलं. वाटीत थोडी ओतून घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतः प्यायली. जीभ आखडली. ती भिंतीकडे बघत राहिली, मग दाराच्या कडीकडे, मग भावाच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे. विष असलं तर ते उद्या कळतं, आत्ता नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती बघत राहिली. मग वाटी जिवाच्या हातात दिली, पण खालचा आपला हात काढला नाही.

त्याने घोट घेतला. "तुरट आहे गं," एवढंच म्हणाला. त्याचा हात गौराच्या हातावर थरथरत होता. तोही तितकाच भ्यायला होता, हे तिला तेव्हा कळलं.

सकाळी सगळे उठायच्या आधीच ती उठून बसली होती. चहा द्यायच्या आधी तिने हरेशला कालनिर्णयासमोर उभं केलं. "बारीक अक्षरातलं वाच." त्याने निमूटपणे तिथी वाचली, नक्षत्र वाचलं. सोमीने चष्मा शोधून वाचलं. प्रतिक्षा न सांगता पुढे आली आणि मोठ्याने वाचू लागली.

"आणि मी काय वाचू?" खुर्चीतून जिवा म्हणाला.

प्रतिक्षाने वाचणं थांबवलं. मग तो स्वतःच खो खो हसायला लागला. गौराही हसली. हसता हसता तिला इतकं रडू आलं की चहाचं पातेलं हरेशलाच उतरवावं लागलं.