अक्काच्या वाट्याचं ऊन

भावजींचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या ऑफिसात होते. “शैला गेली,” एवढंच ते म्हणाले. हॉस्पिटलात अकरा दिवस झाले होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती, तरी मी जिन्यात जाऊन बसले… त्याला आता सहा आठवडे झाले.

शैला माझी थोरली बहीण. आम्ही बंगळुरातच वाढलो, त्यामुळे मी तिला अक्काच म्हणायचे. भावजी सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर दोघांनी आनेकलच्या पलीकडे छोटं घर बांधलं. विजेची लाइन तिथवर आलेलीच नाही; छपरावर सोलर पॅनल, मागच्या खोलीत बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. अक्काने सगळा संसार त्यावर बसवला. मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, जे काय ते ऊन डोक्यावर असताना आणि एका वेळी एकच. पाहुण्याने इस्त्री लावली की ती हसत पंप बंद करायला उठायची.

मग तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते अखंड चालायला हवं होतं, आणि बॅटऱ्या काही त्या हिशोबाने घेतलेल्या नव्हत्या. भावजींनी त्या वाढवल्या. मी कितीदा म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. ती म्हणायची, माझं घर आहे ना, स्वल्प ऊन पडलं की भागतं. शेवटी मीही म्हणायचं सोडून दिलं.

आषाढात सलग चार दिवस सूर्य दिसला नाही. भावजींनी फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, दिवेही. चौथ्या सकाळी त्यांनी मला कळवलं की बॅटऱ्या संपत आल्यात, घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर फार तर दोन तास पुरेल, अँब्युलन्स निघालीय पण कुठेतरी अडकलीय. मी वाटेत बोम्मसंद्र्यात भरलेला सिलिंडर मिळवला. होसूर रोडवर गाडी जागची हलेना. स्टिअरिंगवर हात आपटून मी रडत होते.

पोहोचले तेव्हा इन्व्हर्टर बंद पडला होता आणि घरातल्या सिलिंडरचा काटा शून्यावर होता. भावजी अक्काला छातीशी धरून तिची पाठ चोळत होते. तिचे ओठ निळे पडले होते. मी नळी आणलेल्या सिलिंडरला जोडली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, भावजींकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही जेवला नाहीत.”

मग अँब्युलन्स आली. त्यानंतर हॉस्पिटलातल्या अकरा दिवसांत ती बोललीच नाही.

डॉक्टर म्हणाले की आजारच शेवटाला आला होता, त्या दिवसाने फार फरक पडला नसावा. भावजींना ते पटत नाही. मलाही…

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले. लख्ख ऊन होतं. दुपार व्हायच्या आतच बॅटऱ्या पूर्ण भरल्या होत्या. भावजी अक्काच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते. ऑक्सिजनचं मशीन चालू होतं आणि रिकाम्या उशीवर ठेवलेल्या नळीतून हवा येत होती. मी बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” ते म्हणाले. “आज भरपूर आहे.”