अहिराणीत बोलायला कोणी नव्हतं

लग्नानंतर दीड वर्षाने मी कोरीटला माहेरी परत आले, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"मारस का तुले?"

मी नाही म्हणाले.

"पेस का?"

तेही नाही, दारूला तो शिवतही नव्हता. मग त्या माझ्या आईकडे बघायच्या आणि आई दळणाचं निमित्त काढून उठायची.

नवरा माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच होतं. तापीकाठचं मोठं घर, केळीची बाग, खाण्यापिण्याला काही कमी नाही. लग्न त्याच्या मनाविरुद्ध झालं होतं, आणि त्याने त्याचा राग असा धरला. मी ओट्यापाशी उभी असताना तो बहिणीला सांगायचा, "तिले सांग, डबा भर." ती मला सांगायची, मी डबा भरायचे. हळूहळू घरातली बाकीची माणसंही माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. एका दुपारी भाजीला फोडणी देताना मी एकटीच मोठमोठ्याने बोलत होते. सासूने ते ऐकलं आणि ती घाबरून दारातच थांबली. तिचा चेहरा बघून मीही घाबरले. त्याच दिवशी मी वडिलांना फोन केला. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा संध्याकाळी मोटारसायकलवर आले, बाहेरच थांबले, पाणीही प्यायले नाहीत. माझी बॅग पुढे टाकीवर ठेवली आणि मला मागे बसवून घेऊन आले.

गावाने मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विचारणं असतं, "कव्हय उनी वं? कितला दिन ऱ्हाशी?" माझ्यापाशी आल्यावर बायका अर्धंच विचारायच्या. किती दिवस राहणार, हे दुसरं वाक्य ओठातच गिळून टाकायच्या. ते गिळणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागायचं. पुढच्या आखाजीला मी झोक्याकडे गेलेच नाही.

लग्नाआधी माझं नर्सिंग झालेलं होतं. तळोद्याच्या एका दवाखान्यात काम मिळालं. आप्पा रोज सकाळी मला नंदुरबारच्या स्टॅण्डवर सोडायचे आणि मी तळोद्याची बस धरायचे. सातपुड्यातल्या गावांतून जीप भरभरून पेशंट यायचे. त्यांची पावरी बोली मला येत नव्हती, पण सलाईन लावताना, बाळ हातात घेताना मी आपली अहिराणीतच बोलत राहायचे आणि काम निभून जायचं. तिथल्याच एका मैत्रिणीने नाशिकला जर्मन शिकायला सुरुवात केली होती. जर्मनीत वृद्धाश्रमांत नर्स लागतात, असं ती सांगायची. तिचं जाणं पुढे राहून गेलं. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं. जिथे मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी एकदा जाऊन बघावं, इतकंच त्या वेळी वाटत होतं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते कापसाच्या वावरात होते. बोंडं वेचता वेचता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय. आठे तुले कोन्ही काही बोलत नही, पन कोन्ही इसरत बी नही."

मीही जर्मन शिकले, परीक्षा दिली आणि निघाले तेव्हा हिवाळा होता. नंदुरबारच्या बाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली होती आणि गाडीच्या काचा बंद असूनही आम्ही सगळे खोकत होतो. आईने मधेच विचारलं, "तठे मिरची भेटस का?" मी म्हणाले, "भेटी जाई, माय." तिचा विश्वास बसला नाही. तिखटाची पिशवी तिने आधीच माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे दाबून भरलेली होती.

जर्मनीतलं ते गाव छोटं आहे. एक चर्च, एक बेकरी, नदी. माणसं चांगली आहेत. मला स्वतःची खोली होती, खिडकीतून टेकड्या दिसायच्या. पहिले काही महिने मी खूश होते. रस्त्याने चालताना माझ्याकडे बघून कोणी आवाज खाली करत नाही, याचंच मला रोज नवल वाटायचं. मग कधीतरी लक्षात आलं की आपण दिवसभर जे बोलतो, ते सगळं आधी मनात जुळवून बोलतो. वेदना कुठे आहेत, औषध घेतलं का, आज हवा छान आहे. जवळच्या शहरात मराठी मंडळी होती. एकदा दिवाळीला त्यांच्याकडे गेले. ती पुण्याची, ठाण्याची. माझं 'आहे'ऐवजी 'शे' चुकून निघालं तर कौतुकाने हसायची आणि म्हणायची, "अजून बोल ना काहीतरी!" ती मनाने वाईट नव्हती. पण मी पुन्हा गेले नाही.

आमच्या वृद्धाश्रमात एक आजी होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लहानपणी आईचा हात धरून स्वतःचं गाव सोडून आलेल्या. ते गाव आता दुसऱ्याच देशात आहे. म्हातारपणी त्यांची स्मृती गेली आणि तिच्याबरोबर शाळेत शिकलेली जर्मनही गेली. उरली ती फक्त त्या गावाकडची बोली. ती आमच्यातल्या कोणालाच नीट कळायची नाही. माझ्याबरोबर काम करणारी इथलीच मुलगी म्हणायची, "तुला समजत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही समजत नाही." सगळे त्यांच्याशी खुणांनी बोलायचे. मग बोलेनासे झाले. आजीही गप्प होत गेल्या.

एका दुपारी त्या जेवेनात. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. मी दमले होते. जर्मन जुळवायचं त्राण राहिलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "खाय ना वं माय. दोन घास खाय."

आजींनी मान वळवली. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि तोंड उघडलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी अहिराणीतच बोलू लागले. त्याही बोलायच्या, त्यांच्या बोलीत, भरभरून. खिडकीकडे बोट करून काहीतरी लांबलचक सांगायच्या. मी म्हणायचे, "हा ना? मंग काय व्हयनं?" आणि त्या पुढे सांगायच्या. त्यांचे केस विंचरताना मी त्यांना आमचं गाव सांगितलं, उन्हाळ्यातलं तापीचं पात्र सांगितलं. आणि एके दिवशी, का कोण जाणे, ते दीड वर्षही सांगितलं. आईला मी कधी काही सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की ती काहीतरी काम काढून उठायची. इथे मी केसांची वेणी घालत घालत सगळं बोलून गेले. डबा, त्याची बहीण, ती फोडणीची दुपार. आजींना एक अक्षर कळलं नसेल. पण मी थांबले तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला समोर बसवलं आणि माझ्या गालावरून हात फिरवत काहीतरी म्हणाल्या. अगदी हळू, दोन-तीनदा तेच. ते काय होतं ते मला अजून माहीत नाही.

त्यांची मुलगी महिन्यातून एकदा यायची. तिने एकदा दारातून आमचं चाललेलं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही दोघी काय बोलता?"

मी म्हणाले, "शेजारणी बोलतात तसं."

ती म्हणाली, "मी लहान असताना मला घरातल्या त्या बोलीची लाज वाटायची म्हणून मी ती शिकले नाही." मग खुर्ची ओढून ती आमच्यात येऊन बसली.

आजी वसंतात गेल्या. झोपेत, शांतपणे. त्यानंतर मी सुट्टी काढून घरी आले.

दारात आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. आत पलंगावर नवी चादर होती. मी टेकले तशी आई समोर उभी राहून म्हणाली, "तू चहा घेशील का? की आधी आंघोळ करणार आहेस?"

ही शाळेतली मराठी ती मास्तरांशी बोलायची, बँकेतल्या साहेबांशी बोलायची.

"माय, तू माले 'घेशील का' म्हनी ऱ्हायनी?"

ती ओशाळली. पदराने खुर्ची पुसू लागली. "तू आते तठली व्हयी गयी ना," ती म्हणाली. "माले वाटनं, तुले आपलं बोलनं बरं लागाव नही."

मी उठून तिच्या गळ्यात पडले. आप्पा ओट्यावरून ओरडले, "अवं, चहा टाक तिले! बोलत काय बठनीस?" तेव्हा कुठे आईला हसू आलं.

सुट्टीभर मी तिच्या मागे मागे फिरत राहिले. ती शेजारणीशी भांडली तरी मी कान देऊन ऐकायचे. परत जाऊ नये असं रोज वाटायचं आणि जायचं आहे हेही रोज ठाऊक असायचं. तिकडे मला काम आहे, मान आहे, ताठ मानेने चालता येतं. ते सोडावंसं वाटत नव्हतं. आणि हे सगळं इथे का मिळालं नाही, असा प्रश्न मी कोणाला विचारलाही नाही.

आता परत येऊन बरेच दिवस झाले. माझी जेवणाची सुट्टी होते तेव्हा कोरीटला संध्याकाळ उतरत असते. मी फोन लावते. आधी आई विचारायची, काय खाल्लं, थंडी किती आहे, आणि मग आम्हा दोघींपाशी बोलण्यासारखं काही उरायचं नाही. एकदा मी म्हणाले, "माय, फोन तठेच ठेवी दे. तू तुन्हं काम कर."

"मंग तू काय करशी?"

"मी ऐकसू."

तिला ते खुळ्यासारखं वाटलं, पण तिने ठेवला. आता रोज ठेवते. मी बाकावर डबा उघडून बसते आणि कानात कोरीट चालू असतं. ट्रॅक्टर जातो. कोणाची तरी कोंबडी अंगणात शिरते आणि आई तिला हाकलते. गल्लीतल्या बायका येऊन बसतात, कापूस, लग्नं, कोणाचं गुडघ्याचं दुखणं. माझं नाव निघत नाही. आई बोलण्यात रंगते आणि फोन चालू आहे हे विसरून जाते. मी आवाज करत नाही.